दुसऱ्याच्या वजनावर लावलेली गाडी

हेडफोन लावलेत ना? मग चला.

मी बोलतेय कॅनडातून, ऑन्टारिओ प्रांतातल्या सडबरीजवळून. निकेलच्या खाणींचं गाव आहे हे. बाहेर आत्ता उणे २२ आहे, आणि मी स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसलेय. मूळची मी कराडजवळची. इथे शिकायला आले आणि आता एका वृद्धाश्रमात काम करते. आजी-आजोबांना उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, असं अंगमेहनतीचं काम आहे. हे आधी सांगायचं कारण पुढे कळेल.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ताई, हे आमच्या काय कामाचं? विषय आहे स्नोमोबाईलचं सस्पेन्शन. म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे कसे लावायचे. गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी ही गाडी पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, वर स्कूटरसारखं हँडल. इथले लोक तिला 'स्लेड' म्हणतात. पण शेवटपर्यंत ऐका. तुमच्या घरासमोर उभ्या असलेल्या बाईकचाही यात संबंध आहे.

आधी थोडा इतिहास

ही गाडी मौजमजेसाठी जन्माला आली नाही. क्यूबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए नावाचा मेकॅनिक राहायचा. त्या काळी हिवाळ्यात तिकडचे रस्ते बर्फाखाली बंद व्हायचे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. बर्फामुळे त्याला दवाखान्यात नेता आलं नाही, आणि ते लेकरू गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग हा माणूस पोरवयापासून करत होता. १९३७ मध्ये त्याला पट्ट्याच्या यंत्रणेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी गाडी बाजारात आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळ्यांची ने-आण त्या गाड्यांनी केली. एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' आली ती १९५९ साली.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पट्ट्याच्या आत छोट्या चाकांच्या जोड्या आणि बारक्या स्प्रिंगा असायच्या. हाडं खिळखिळी व्हायची. नंतर पट्ट्याच्या आत लांब रूळ आले, त्यांना शॉकअप आले आणि गाडी मऊ झाली. पण मऊ झाली म्हणजे आपोआप तुमच्यासाठी मऊ झाली असं नाही. इथूनच माझी गोष्ट सुरू होते.

माझी पहिली गाडी आणि पहिली आपटी

तीन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड स्लेड घेतली. दोन माणसांच्या सीटची, लांब पट्ट्याची. आधीचा मालक सहा फुटी, चांगला शंभर किलोचा, आणि बायकोला मागे बसवून फिरायचा. माझं वजन ५२ किलो. थंडीचा सूट, बूट, हेल्मेट सगळं धरून साधारण ६०.

पहिल्या दिवसापासून गाडी मला उडवायची. इथे जंगलातून आखलेले ट्रेल असतात. रात्री मोठं यंत्र फिरवून ते सपाट करतात. पण दुपारपर्यंत शेकडो गाड्या गेल्या की त्यावर उंचवटे तयार होतात, आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यावर पाठोपाठ स्पीडब्रेकर टाकावेत तसे. प्रत्येक उंचवट्यावर सीट मला खालून लाथ मारायची. हँडल इतकं जड की तासाभरात दंड भरून यायचे. मला वाटायचं, आपल्यातच ताकद नाही. सोबत येणारे सगळे पुरुष, सगळे इथलेच. त्यांना काही होत नाही, म्हणजे दोष माझाच.

फेब्रुवारीतला एक शनिवार. उंचवट्यांची एक रांग आली आणि तिसऱ्या दणक्याला मी सीटवरून वर उडाले. या गाडीचा ॲक्सिलरेटर मूठ पिळून नाही, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. मी खाली आले ती हँडलवर, आणि अंगठा पूर्ण दाबला गेला. गाडी सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात. नशीब, झाड दोन हात लांब होतं. डावं मनगट मुरगळलं. तीन आठवडे कामावर जाता आलं नाही. रजेचे पैसे मिळत नाहीत हो आम्हाला. त्या महिन्याचं भाडं मैत्रिणीकडून उसने घेऊन भरलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुला कुणी सांगितलंय असले उद्योग करायला? विकून टाक ती." मीही ठरवलं होतं, विकायची.

शेजारच्या आजोबांनी विचारलेला प्रश्न

आमच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना 'आजोबा'च म्हणते. अर्थ सांगितल्यापासून त्यांना ते आवडतं. गाडी विकायची म्हणून त्यांना किंमत विचारायला गेले. त्यांनी किंमत सांगितलीच नाही. विचारलं, "तू घेतल्यापासून सस्पेन्शनला हात लावलास का?"

मी म्हटलं, नाही. त्याला हात लावायचा असतो?

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग ही गाडी अजून तुझी नाही. ही त्या शंभर किलोच्या माणसाची आहे."

त्यांनी घरातून मोजपट्टी आणली. आता नीट ऐका, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि फुकट आहे.

इंजिन बंद, किल्ली काढलेली. एकाने मागचा बंपर धरून गाडी इतकी उचलायची की मागचं सस्पेन्शन पूर्ण सुटून लांब होईल, पण पट्टा जमिनीला टेकलेला राहील. दुसऱ्याने जमिनीपासून बंपरपर्यंतची उंची मोजायची. हे पहिलं माप. मग गाडी खाली सोडायची आणि चालवणाऱ्याने पूर्ण कपड्यांनिशी, हेल्मेटसकट, सीटवर नेहमीसारखं बसायचं. पुन्हा तीच उंची मोजायची. दोन्हीतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती दबली. याला 'सॅग' म्हणतात, आपण दाब म्हणू. माझ्या गाडीच्या पुस्तकात तो ५० ते ७५ मिलिमीटर असावा असं दिलंय. तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघूनच आकडा घ्या.

५० पेक्षा कमी म्हणजे स्प्रिंग तुमच्यासाठी कडक. ७५ पेक्षा जास्त म्हणजे मऊ.

माझा दाब किती आला माहितीये? २८.

म्हणजे माझ्या वजनाला ती स्प्रिंग जवळपास जुमानतच नव्हती. खड्ड्यात पट्टा खाली जायला हवा, तर त्याला खाली जायला जागाच नाही, कारण तो आधीच पूर्ण पसरलेला. आणि मागची बाजू उंच राहिल्यामुळे वजन पुढे स्कीवर येत होतं. म्हणून हँडल जड. इतके दिवस जे मी माझ्या दंडातली कमजोरी समजत होते, ते मागच्या स्प्रिंगचं काम होतं.

मागच्या स्प्रिंगला दोन्ही बाजूंना कॅम असतो, पायऱ्या असलेली एक चकती. गाडीसोबत आलेल्या पान्याने ती फिरवायची. माझी ५ वर होती, सगळ्यात कडक. आजोबांनी ती उतरवत १ वर आणायला लावली. दोन्ही बाजू सारख्या, एक १ वर आणि दुसरी २ वर असं चालत नाही. पुन्हा मोजलं. ५२. काठावर पास!

ते म्हणाले, "१ वरही ५० झाले नसते, तर स्प्रिंगच बदलावी लागली असती. चकतीने स्प्रिंगवरचा आधीचा ताण बदलतो, स्प्रिंगची जात बदलत नाही." हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

कुठला भाग काय करतो

आता बाकीचे भाग. मला समजले तसे सांगते, एकेक करून.

पट्ट्याच्या आत दोन शॉकअप असतात. मागचा मुख्यतः तुमचं वजन उचलतो, त्याचं झालं. दुसरा त्याच्या पुढे, गाडीच्या साधारण मध्याखाली. हा तराजूच्या काट्यासारखा आहे. तो कडक केला की पुढचा भार तो स्वतः घेतो, स्की हलक्या होतात, हँडल हलकं होतं आणि भुसभुशीत खोल बर्फात गाडीचं नाक वर राहतं. तो मऊ केला की भार स्कीवर जातो. हँडल जड होतं, पण घट्ट ट्रेलवर वळण नेमकं बसतं.

तिसरा, पुढच्या स्कीचे शॉकअप. तिथली स्प्रिंग आवळली की नाक उंच राहतं आणि स्की बर्फाला जास्त धरते. सैल केली की हँडल हलकं, पण नाक खाली. इथेही डावं-उजवं सारखंच.

चौथा, एक साधा पट्टा. याला लिमिटर म्हणतात. आतल्या सांगाड्याची पुढची बाजू किती खाली उतरू द्यायची ते हा ठरवतो. लांब ठेवला तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर वजन मागे जातं आणि स्की उचलल्या जातात. खोल बर्फात हेच हवं. आखूड केला तर स्की जमिनीला धरून राहतात. वळणाच्या ट्रेलवर हे हवं.

पाचवा, कपलिंग ब्लॉक. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून किती सुटा हलू द्यायचा, ते याच्या हातात. हलका माणूस, आरामात फिरणं, तर खालचा क्रमांक. ओझं जास्त किंवा मोठे उंचवटे, तर वरचा. माझी गाडी दोघांच्या वजनावर लावलेली, म्हणून तोही वर होता. तोही उतरवला.

आणि काही महागड्या शॉकअपवर टिकटिक वाजणारी बटणं असतात. त्यांनी शॉकअप दबण्याचा आणि परत उघडण्याचा वेग बदलतो. त्यांना सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी स्प्रिंग बरोबर नसेल तर ती बटणं फिरवून काही उपयोग नाही.

आजोबांचे तीन नियम होते. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदल मोबाईलमध्ये लिहून ठेवायचा. आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फिरून बघायचं. त्यातही आधी चार-पाच किलोमीटर गाडी चालवायची, कारण या थंडीत शॉकअपमधलं तेल घट्ट झालेलं असतं. थंड शॉकअपवर घेतलेला निर्णय खोटा.

पुढच्या रविवारी मी त्याच उंचवट्यांवरून गेले. मनगटाला पट्टी होती, वेग अर्धा. गाडी खाली-वर होत होती, मी नव्हते. हेल्मेटमध्ये रडले थोडी, खरं सांगते. गाडी चांगली चालली म्हणून नाही. इतके महिने स्वतःला उगाच नावं ठेवली म्हणून.

दुसरी चूक, यावेळी माझीच

आता वाटेल, संपली गोष्ट. नाही. पुढच्या वर्षी मला शिंग फुटली.

मोठा बर्फ पडला होता, मांडीपर्यंत. कामावरच्या दोघी म्हणाल्या, ट्रेल सोडून मोकळ्या माळावर जाऊ. पहिल्या फेरीत माझ्या स्की बर्फात खुपसायला लागल्या. मला आता सगळं येत होतं ना! पान्याने मधला शॉकअप आवळला, लिमिटर एक भोक लांब केला. काय गाडी चालली म्हणून सांगू! नाक वर, होडीसारखी.

दोन तास मजा केली, अंधार पडायला लागला, आणि परत ट्रेलने घरी निघाले. सेटिंग तसंच. थंडी होती, हात गारठले होते, म्हटलं घरी जाऊन करू. पहिल्या मोठ्या वळणावर हँडल वळवलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली. घट्ट बर्फावर स्कीला भारच नव्हता, ती नुसती घसरली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोकळी जागा होती म्हणून वाचले. समोरून कुणी येत असतं तर? आमच्या इथे ट्रेलवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे, मी त्याच्या आतच होते. तरीही.

पहिल्या वेळी गाडी दुसऱ्या माणसासाठी लावलेली होती. दुसऱ्या वेळी माझ्यासाठीच, पण दुसऱ्या जमिनीसाठी. जमीन बदलली की सेटिंग बदलायचं. हात गारठले असले तरी, पाचच मिनिटांचा रस्ता असला तरी. तेव्हापासून मी हँडलला एक लाल रिबन बांधते. खोल बर्फाचं सेटिंग केलं की रिबन बांधायची, परत ट्रेलचं केलं की सोडायची. रिबन दिसतेय तोवर घरचा रस्ता धरायचा नाही.

आई येते

गेल्या फेब्रुवारीत आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती ती. पहिला आठवडा खिडकीतच बसून. एक दिवस म्हणाली, "ती तुझी गाडी दाखव की." मी म्हटलं, बसणार? म्हणाली, "बसायला काय झालंय? एसटीच्या मागच्या सीटवर बसून आयुष्य गेलं."

पण तिला मणक्याचा त्रास आहे. एक दणका बसला तरी महागात जाईल. म्हणून मी तिला सूट चढवला, हेल्मेट घातलं आणि आजोबांना मोजपट्टी घेऊन बोलावलं. आम्ही दोघी बसलो. दाब आला १०२ मिलिमीटर. १ वर ठेवलेली माझी स्प्रिंग आमच्या दोघींच्या वजनाने पार बसली होती. तशीच निघाले असते तर पहिल्याच उंचवट्याला ती तळाला आपटली असती, आणि तो दणका थेट आईच्या पाठीत.

आई हेल्मेटमधून ओरडली, "माझं वजन मोजायला दोन-दोन माणसं कशाला?"

कॅम ३ वर नेला. ७०. कपलिंग ब्लॉक एक पायरी वर. मी गुडघ्यावर बसून पाना फिरवत होते, आणि आई वाकून बघत होती. मग एकदम म्हणाली, "अगं, हे तर तुझे बाबा करायचे."

मला कळेना. ती म्हणाली, "स्प्लेंडरला. खताचं पोतं मागे बांधायचं असलं की आधी खाली बसून शॉकअप आवळायचे. आणि घरी आले की परत सैल करायचे. म्हणायचे, पोत्याला सोसतं, तुला नाही सोसायचं."

मी त्या गाडीवर पुढे टाकीवर बसून वाढले, मंडळी. बाबांना ते करताना शंभरदा पाहिलं असेल. आणि मला हे शिकायला सातासमुद्रापार येऊन मनगट मोडून घ्यावं लागलं.

आम्ही सकाळी लवकर गेलो, ट्रेल ताजा सपाट असताना. हळू, वीस-पंचवीसच्या वेगाने. गोठलेल्या पाइनच्या झाडांमधून. आईने माझ्या कमरेला घट्ट धरलं होतं. परत आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, पाठ कशी आहे? म्हणाली, "पाठीचं विसरलेच होते मी."

घरी आल्यावर कॅम परत १ वर आणला. नोंद मोबाईलमध्ये आहे: आईसोबत ३, एकटी १.

आता तुमची गाडी

तर आता तुमच्याकडे येते. तुमच्यातल्या बहुतेकांकडे स्नोमोबाईल नाही. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच बाईकना मागच्या शॉकअपवर पायऱ्यांची चकती असते, आणि गाडीसोबत वाकडा पाना येतो. तो डिकीत किंवा सीटखाली गंजत पडलेला असतो. शोरूममधून आली त्याच पायरीवर गाडी वर्षानुवर्षं चालते. एकटे जा नाहीतर पोतं बांधा, सेटिंग तेच.

उद्या एक काम करा. गाडीचं पुस्तक काढा, नसेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. तुमचा शॉकअप कुठल्या पायरीवर आहे बघा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, तेही बघा. शॉकअपमधून तेल गळत असेल तर सेटिंगच्या नादी लागू नका, आधी मेकॅनिककडे जा. आणि गॅस भरलेला शॉकअप घरी उघडायचा नाही, कधीच नाही.

आणि मागे आई, आजी, बायको, मित्र, जो कोण बसतो, त्याला एकदा विचारा, "दणके बसतात का?" आपण पुढे बसतो, आपल्याला कळत नाही. मागची माणसं सहसा बोलत नाहीत, सवय झाली म्हणतात.

माझी आई परत गेली. परवा फोनवर म्हणाली, भावाच्या गाडीचा पाना शोधून ठेवलाय, पण तो ऐकत नाही. हा भाग त्यालाही पाठवणार आहे.

चला, चहा थंड झाला. काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, तुमच्या गाडीचं मॉडेल आणि तुमचं वजन सांगायला विसरू नका. वजन खरं सांगा हं! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.